रॉकेलने धुतलेले हात आणि उसनी ट्यूब : पुरुष वाचकांचे त्वचेविषयीचे प्रश्न

पुरुष वाचकांनी आपल्या त्वचेविषयीचे प्रश्न मोकळेपणाने पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात या सदरातून केले होते. पत्रे अपेक्षेपेक्षा अधिक आली. मात्र त्यांतील बऱ्याच पत्रांची सुरुवात ‘आमच्या यजमानांना’, ‘माझ्या मुलाला’ किंवा ‘माझ्या एका मित्राला’ अशी आहे. मित्राच्या नावाने विचारलेला प्रश्न बहुधा विचारणाऱ्याचाच असतो, असे समजून मी उत्तरे लिहिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि कोणाचेही नाव छापलेले नाही.

प्रश्न : आमच्या वडिलांनी आयुष्यभर अंगाला एकच साबण लावला आणि दिवाळीत तेवढे उटणे, त्यांची कातडी ऐंशीव्या वर्षीही तुकतुकीत होती. आता माझा नोकरदार मुलगा आरशासमोर पाच बाटल्या मांडून बसतो. पुरुषाला याची खरोखर गरज असते काय? (निवृत्त शिक्षक, निपाणी)

उत्तर : पाच बाटल्यांची गरज नाही, परंतु आपल्या वडिलांनी काहीच केले नाही, हेही खरे नसावे. त्या पिढीतील माणूस आंघोळीनंतर ओलसर अंगावर खोबरेल तेलाचा हात फिरवीत असे, रानात जाताना डोक्याला पटका आणि खांद्यावर टॉवेल घेत असे, आणि साबण लावलाच तर तो मोजकाच लावीत असे. सौम्यपणे धुणे, धुतल्यानंतर ओलावा टिकवणे आणि उन्हापासून आडोसा करणे, या तीन गोष्टींपलीकडे रोजच्या निगेत फारसे काही नसते. त्यांना आज फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन अशी नावे मिळाली आहेत, इतकेच.

पुरुषाची त्वचा स्त्रीच्या त्वचेपेक्षा काहीशी जाड असते आणि पुरुषी संप्रेरकांमुळे तिच्यातून तेलही अधिक पाझरते. म्हणून तरुण वयात चेहरा तेलकट राहतो आणि मुरुमे येतात. त्यात दाढी करताना वरचा थर वारंवार खरवडला जातो. तेलकट चेहऱ्यास पातळ लोशन किंवा जेल पुरते. कोरड्या त्वचेस ग्लिसरीन असलेले जाडसर क्रीम किंवा साधी पेट्रोलियम जेली लागते, आणि ती आंघोळीनंतर दोनतीन मिनिटांत, अंग पूर्ण सुकण्यापूर्वी लावावी. या तिन्ही गोष्टी महाग असण्याचे काही कारण नाही. आपण स्वतः साठीच्या पुढचे आहात; वयाबरोबर तेलग्रंथी मंदावतात आणि डिसेंबर-जानेवारीतील कोरड्या थंडीत नडग्यांना खाज सुटू लागते. तसे होत असेल, तर मुलाच्या पाच बाटल्यांतील मॉइश्चरायझरची एक आपण निःसंकोचपणे आपल्या खोलीत आणून ठेवावी.

एक गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण पुढील बहुतेक उत्तरांत ती येणार आहे. निगा न केल्यामुळे माझ्या दवाखान्यात आलेले पुरुष थोडे आहेत. भलतेच काही लावून किंवा नको तितके घासून आलेले पुष्कळ आहेत.

प्रश्न : मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर (धातू कातण्याच्या यंत्रावर) काम करतो. सुट्टी झाल्यावर हातांचे काळे तेल निघावे म्हणून आम्ही सगळेच रॉकेल नाही तर थिनर लावतो आणि नंतर कपड्यांच्या पावडरीने हात घासतो. हातांना भेगा पडल्या आहेत, आणि हातांवर कोपरापर्यंत व मांड्यांवर काळ्या टोकांचे बारीक फोड आले आहेत. चांगला साबण सुचवावा. (वय ३४, अनगोळ)

उत्तर : साबण नंतर पाहू, आधी रॉकेल आणि थिनर बंद करावे लागतील. त्वचेचा सर्वांत वरचा थर दगडी भिंतीसारखा असतो. मृत पेशी हे त्यातले दगड आणि त्यांच्या मधली चरबी हा चुना. रॉकेल काळे तेल विरघळवते, त्याचबरोबर हा चुनाही विरघळवते. नंतर आपण त्यावर कपड्यांची पावडर घासता. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पी.एच.; सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्क) पाचच्या आसपास असतो. नेहमीच्या साबणाचा सामू नऊ ते दहा असतो, आणि सोडा असलेली कपड्यांची पावडर त्याहूनही तीव्र असते. अशा रीतीने उघड्या पडलेल्या भिंतीतून दुसऱ्या दिवशीचे कटिंग ऑइल आणि कूलंट, म्हणजे कातताना धातूवर सोडली जाणारी तेले व द्रव, आत शिरतात, हात चुरचुरतात, भेगा वाढतात, आणि भेगांत काळे अधिक बसल्यामुळे संध्याकाळी आपण आणखी जोराने घासता. हे चक्र तोडल्याशिवाय कोणताही साबण उपयोगी पडणार नाही.

कामावर जाण्यापूर्वी हातांना, विशेषतः नखांच्या कडांना, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर चोळून जिरवावा. मग काळे तेल थेट त्वचेवर न बसता या थरावर बसते. सुट्टी झाल्यावर पाण्याआधी दोन चमचे खाण्याचे तेल हातांवर चोळावे, कारण तेलाला तेलच सोडवते. ते स्वच्छ फडक्याने पुसावे आणि मग कोमट पाणी व सौम्य साबण वापरावा. दिवसभर यंत्र पुसलेल्या वेस्ट कॉटनने हात पुसू नयेत. त्यात लोखंडाचा बारीक कीस अडकलेला असतो आणि तो त्वचेवर न दिसणारे ओरखडे काढतो. हातमोजे घालावेत, असा सल्ला आपणास कोणी देईल. भांडी घासणाऱ्यास तो योग्य आहे, परंतु फिरत्या लेथवर हातमोजा अडकून हात ओढला जाऊ शकतो, म्हणून तेथे ते घालू नयेत.

काळ्या टोकांचे फोड हे तेलामुळे केसांची मुळे बुजल्याने येतात. मांड्यांवर ते येण्याचे कारण बहुधा आपली पँट असावी. तेलाने भिजलेली तीच पँट आपण आठवडाभर घालत असाल, तर आंघोळ कितीही वेळा केली तरी फोड थांबणार नाहीत. कामाचे दोन जोड ठेवून रोज बदलावेत आणि ते घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत.

आता साबणाविषयी. साबणाच्या वेष्टनावर टी.एफ.एम. अशी तीन अक्षरे आणि एक टक्केवारी छापलेली असते. साबणात चरबीचा खरा अंश किती आहे, हे ती सांगते. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या श्रेणीच्या साबणात हा अंश किमान ७६ टक्के, दुसऱ्या श्रेणीत ७० टक्के आणि तिसऱ्या श्रेणीत ६० टक्के असावा लागतो. ज्यावर ‘बाथिंग बार’ असे लिहिलेले असते, ती वडी या श्रेणींत मोडत नाही आणि तिच्यात तो आणखी कमी असू शकतो. खडेबाजारातील कोणत्याही किराणा दुकानात वास घेण्यापूर्वी ही ओळ वाचावी. पहिल्या श्रेणीचा साबणदेखील अल्कधर्मीच असतो, हे खरे. भेगा भरेपर्यंत औषधाच्या दुकानातील साबणविरहित वडी वापरणे अधिक बरे; तिचा सामू त्वचेच्या जवळचा असतो. रात्री जाड क्रीम लावून सुती मोजे हातांत घालून झोपल्यास दोनतीन आठवड्यांत फरक दिसतो. तसा तो न दिसल्यास, किंवा सुट्टीच्या दिवसांत हात बरे होऊन कामावर रुजू होताच पुन्हा बिघडत असतील, तर कूलंटमधील एखाद्या द्रव्याची आपणास ॲलर्जी असू शकते. ती पाठीवर पट्ट्या लावून केलेल्या पॅच चाचणीने शोधता येते.

प्रश्न : माझ्या मित्राला जांघेत गोल, खाजणारे चट्टे आले आहेत. यंत्रमागावर काम असल्यामुळे दिवसभर घाम येतो. औषधाच्या दुकानदाराने एक ट्यूब दिली; दोन दिवसांत खाज थांबते, सोडली की दुप्पट होते. असे आठ महिने चालले आहे. आता चट्टे कमरेवर आणि त्याच्या बायकोच्या अंगावरही आले आहेत. (वडगाव, बेळगाव)

उत्तर : आपल्या मित्रास गजकर्ण झाले आहे, म्हणजेच बुरशीमुळे होणारा नायटा, आणि ट्यूबने तो बरा न होता पोसला गेला आहे. या विषयावर मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण आलेल्या पत्रांपैकी सर्वाधिक पत्रे याच ट्यूबची आहेत, मग ती वडगावची असोत, चिकोडीची असोत किंवा हुक्केरीची.

अशा ट्यूबमध्ये बहुधा तीनचार औषधे एकत्र कोंबलेली असतात : एक बुरशीचे, एकदोन जंतूंचे आणि एक तीव्र स्टिरॉइड. खाज दोन दिवसांत थांबते ती या स्टिरॉइडमुळे. खाज आणि लाली ही बुरशीविरुद्ध शरीराने उभारलेल्या प्रतिकाराची चिन्हे आहेत. स्टिरॉइड तो प्रतिकार झोपवते. बुरशीला मोकळे रान मिळते, ती खोलवर आणि दूरवर पसरते, आणि ट्यूब थांबताच प्रतिकार पुन्हा जागा होऊन दुप्पट खाज सुटते. रुग्णाची मात्र समजूत अशी होते की औषध चांगलेच होते, आपणच ते लवकर सोडले. गेल्या काही वर्षांत भारतात गजकर्ण हट्टी झाले आहे. पूर्वी दोन आठवड्यांत बरा होणारा रोग आता महिनोन्महिने उपचार मागतो आणि नेहमीच्या काही औषधांना दाद देत नाही. ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या बुरशीच्या नावातच आपल्या देशाचे नाव आहे, ही काही अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट नव्हे.

ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावून घ्यावी. आपल्या भागात दुकानाची पाटी कन्नडमध्ये, बोलणे मराठीत आणि ट्यूबवरील मजकूर इंग्रजीत असतो, त्यामुळे तो वाचण्याचे काम दुकानदारावर सोपवले जाते; ते आपण घरातील शाळकरी मुलाकडून करून घ्यावे. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, हॅलोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एकही नाव आढळल्यास ते स्टिरॉइड आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टिरॉइडे असलेली मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम कागदावर आहे. काउंटरवर काय चालते, ते आपण जाणताच. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. इसबासारख्या विकारात मी स्वतः ते लिहून देतो, परंतु कोणते, कोठे आणि किती दिवस, हे सांगूनच देतो. जांघेतील त्वचा पातळ असते. तेथे ते महिनोन्महिने लावल्यास गरोदर स्त्रीच्या पोटावर उमटतात तशा रेघा उमटतात आणि त्या जन्मभर राहतात. चेहऱ्यावर गोरेपणासाठी हेच लावणारे तरुणही येतात. त्यांचा चेहरा लाल, पातळ आणि उन्हात भाजल्यासारखा आग होणारा झालेला असतो. कोणी चेहऱ्यावर अशी ट्यूब कित्येक महिने लावीत असेल, तर ती एकाएकी सोडल्यावर त्रास उसळतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

आपल्या मित्राने पत्नीसह त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, कारण एकाने उपचार घेऊन दुसऱ्याने न घेतल्यास रोग घरातल्या घरात फिरत राहतो. खासगी तपासणी परवडत नसल्यास बेळगावच्या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. आठ महिने मुरलेल्या रोगास नुसते मलम पुरत नाही, गोळ्याही घ्याव्या लागतात; त्या चट्टे दिसेनासे झाले म्हणून स्वतःहून थांबवू नयेत. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावावे, कारण बुरशी मध्यभागी विझते आणि कडेने पुढे सरकते. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा. आतले कपडे सैल व सुती असावेत, रोज धुवावेत आणि कडक उन्हात सुकवावेत. बेळगावच्या पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा त्यांना इस्त्री करावी. कमरेचा करदोडा मात्र कोणाच्याच लक्षात येत नाही. घामाने सदैव ओला राहणारा तो दोरा उपचार चालू असेपर्यंत काढून ठेवावा. आई नाराज झाली, तर माझे नाव सांगावे.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा तालमीत जातो. मानेवर एक गोल चट्टा आला आहे. लाल मातीने त्वचेचे रोग बरे होतात, असे वस्ताद म्हणतात. (कंग्राळी)

उत्तर : वस्तादांचा मान राखून सांगतो, माती हे औषध नव्हे. हळद, ताक आणि तेल घालून माती मऊ व सुगंधी होते, पण एका पैलवानाच्या मानेवरचा नायटा दुसऱ्याच्या दंडावर जाण्यास अंगाला अंग घासणेच पुरेसे आहे. उपचार सुरू होऊन चट्टा सुकेपर्यंत मुलाने जोर-बैठका काढाव्यात, कोणाशी कुस्तीची जोड करू नये. कुस्तीनंतर लगेच आंघोळ, रोज धुतलेला लंगोट आणि कापलेली नखे, एवढे कायमचे पाळावे. चट्ट्याऐवजी पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा दुखरा पुंजका दिसल्यास तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा, हर्पिसचा असू शकतो. त्यासाठी थांबू नये, त्याच दिवशी दाखवावे.

प्रश्न : बँकेत नोकरीस असल्याने रोज दाढी करावी लागते. हनुवटीखाली लाल पुटकुळ्या येतात, काहींत केस आत वळलेला दिसतो. रविवारी सलूनमध्ये दाढी करतो, तेथे शेवटी तुरटी फिरवतात. तिने जंतू मरतात ना? (संकेश्वर)

उत्तर : पुटकुळ्यांचे कारण गुळगुळीतपणाचा सोस हे आहे. कातडी ताणून, उलट्या दिशेने आणि दोनतीन वेळा वस्तरा फिरवला की केस त्वचेच्या पातळीखाली तिरपा कापला जातो, आणि वाढताना त्याचे टोकदार टोक बाहेर येण्याऐवजी बाजूच्या त्वचेत घुसते. कुरळ्या दाढीत हे अधिक होते. दाढी आंघोळीनंतर करावी, म्हणजे केस पाणी पिऊन मऊ झालेले असतात. क्रीम लावून दोन मिनिटे थांबावे, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने एकदाच पाते फिरवावे आणि पाच ते सात दाढ्यांनंतर ते बदलावे. मानेवरील केस वेगवेगळ्या दिशांनी वाढतात, तेव्हा बोट फिरवून दिशा पाहून घ्यावी. आत वळलेला केस सुईने उकरू नये. तेथे काळा डाग राहतो. एवढे करूनही पुटकुळ्या थांबल्या नाहीत, तर महिनाभर ट्रिमरने एक मिलिमीटर खुंट ठेवून पाहावे. त्यावर कोणता व्यवस्थापक हरकत घेईल, असे मला वाटत नाही.

तुरटी त्वचा आकुंचित करते आणि बारीक रक्तस्राव थांबवते, तेवढ्यासाठी ती उत्तम आहे. तिने रोगजंतू मरतात, या भरवशावर राहू नये. हेपटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहू शकतो; तो पात्यावर असू शकतो, तसाच दिवसभर दहा गिऱ्हाइकांच्या गालांवरून फिरलेल्या तुरटीच्या त्याच खड्यावरही असू शकतो. नवे अर्धे पाते आपल्या डोळ्यांसमोर उघडण्यास सांगावे आणि तुरटी नको म्हणावे. ज्यांना हे म्हणण्याचा संकोच वाटतो, त्यांनी स्वतःची पेटी न्यावी. पूर्वी बरेच जण नेत असत.

याच पत्राबरोबर आलेल्या आणखी दोघांच्या दाढीत कोंडा आहे. डोक्यातील कोंड्याचाच तो भाऊ आहे आणि तेल लावल्याने वाढतो. दोन टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा दाढीला लावून पाच मिनिटांनी धुवावा; महिनाभरात आटोक्यात येतो.

प्रश्न : आम्ही शेतकरी माणसे, रंगाने सावळेच. बेळगावची हवा तर थंड. आम्हाला सनस्क्रीन कशाला हवे? शिवाय गेल्या दोन वर्षांपासून पापण्या, मान आणि कोपराच्या घड्यांना भयंकर खाज सुटते. (येळ्ळूर)

उत्तर : थंड हवा फसवते. त्वचेला अपाय करणारे अतिनील किरण उष्णतेसारखे जाणवत नाहीत. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवरील आपल्या पठारावर ते किनाऱ्यापेक्षा थोडे अधिकच असतात आणि पातळ ढगांतूनही खाली येतात. सावळा रंग कातडीच्या कर्करोगापासून बरेच संरक्षण देतो, हे खरे. परंतु गालांवर वांग येणे, डाग गडद होणे आणि अकाली सुरकुत्या पडणे यांपासून देत नाही. तरीही दिवसभर रानात राबणाऱ्यास दर दोन तासांनी सनस्क्रीन लावा म्हणणे मला व्यवहार्य वाटत नाही. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, मानेवर टॉवेल आणि रुंद काठाची टोपी ही त्याहून चांगली सोय आहे. पांढऱ्या टोपीला काठ नसतो, तिने कान आणि मान झाकत नाहीत, पटका बरा. वांग असल्यास मात्र सनस्क्रीन आवश्यक आहे. एस.पी.एफ. हा सनस्क्रीनवर छापलेला संरक्षणाचा आकडा असतो; १५ एस.पी.एफ. सुमारे ९३ टक्के, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के ‘बी’ प्रकारचे अतिनील किरण अडवते. म्हणजे तीसच्या पुढील आकड्यासाठी अधिक पैसे मोजण्यात फारसा लाभ नाही. लाभ पुरेशा प्रमाणात लावण्यात आहे. चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके क्रीम लागते, आणि बहुतेक जण त्याच्या निम्मेही लावीत नाहीत.

आपली खाज मात्र उन्हाची वाटत नाही. आपण सांगितलेल्या जागा पाहता मला संशय बांधावरील गाजरगवताचा येतो. मूळचे अमेरिका खंडातील हे तण १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम दिसले आणि नंतर देशभर पसरले. त्याचे सुकलेले कण वाऱ्याने उडून पापण्यांवर, मानेच्या आणि कोपरांच्या घड्यांत बसतात. ॲलर्जी एकदा जडली की ती सहसा जात नाही, म्हणून तण उपटण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणी हातमोजे घालून, फुलोऱ्यापूर्वी करावे. आपण रानातून येताच आंघोळ करून कपडे बदलावेत आणि आपले कपडे बांधाजवळ वाळत घालू नयेत. तज्ज्ञांना दाखवावे, हा विकार दुर्लक्षिल्यास पुढे सर्वांगावर पसरतो.

प्रश्न : आमच्या यजमानांची मान काळी पडली आहे. वय ३८, वजन ९४ किलो. मी वजरीने घासून पाहिले, लिंबू चोळले, बेसन लावले. मळ निघत नाही. लोकांसमोर लाज वाटते. (एक भगिनी, चिकोडी)

उत्तर : ताई, तो मळ नाही, म्हणून निघत नाही. मानेच्या मागे मखमलीसारखी जाड, काळपट आणि आडव्या घड्यांची त्वचा, काखेतही तसेच, आणि आसपास बारीक लोंबते मस, असे चित्र असेल तर ते बहुधा शरीरातील इन्शुलिन वाढल्याचे चिन्ह आहे. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते अधिकाधिक सोडते, आणि हे जास्तीचे इन्शुलिन त्वचेच्या पेशींना वाढण्यास उद्युक्त करते. मधुमेह होण्यापूर्वी कित्येक वर्षे मान हे सांगत असते. वजरीने त्वचा आणखी जाड व काळी होते, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास भाजल्यासारखे डाग पडतात. दोन्ही आजच थांबवावे.

यजमानांची उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोनतीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी रक्तचाचणी) तपासून घ्यावी. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ आल्यास ती मधुमेहाची उंबरठ्यावरची अवस्था होय. १२६ किंवा ६.५ पासून पुढे मधुमेह. कमरेचा घेरही मोजावा. भारतीय पुरुषात तो ९० सेंटीमीटरपेक्षा कमी असावा. वजन पाचसहा किलोंनी उतरले तरी इन्शुलिन कमी होऊ लागते आणि काही महिन्यांत मान उजळू लागते. क्रीमे मिळतात, पण आतील कारण तसेच राहिल्यास त्यांचा उपयोग तात्पुरता असतो. उसाच्या पट्ट्यात राहून गोड सोडा म्हणणे कठीण आहे, आणि पाहुणा आला की बेळगावचा कुंदा बशीत येणारच. निदान दिवसाचे पाच कप गोड चहा दोनावर आणावेत, आणि ते यजमानांच्या गळी उतरविण्याची जबाबदारी माझ्यावर टाकावी.

प्रश्न : वय १९, चेहराभर मुरुमे. मित्र टूथपेस्ट लावायला सांगतात. व्यायामशाळेत जातो, प्रोटीन पावडर घेतो. (टिळकवाडी)

उत्तर : टूथपेस्टने त्वचा भाजते आणि डाग राहतो. दिवसातून दोनदाच सौम्य फेसवॉशने तोंड धुवावे. अडीच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचे जेल प्रथम एक दिवसाआड पातळ लावावे. त्याने उशीची खोळ आणि रंगीत टॉवेल यांचा रंग उडतो, तेव्हा पांढरे वापरावेत. परिणाम दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. आठ दिवसांत औषध बदलू नये. दुधाच्या निवळीपासून केलेल्या, व्हे नावाच्या पावडरीने काहींची मुरुमे वाढतात, म्हणून दोन महिने ती बंद करून अंडी, डाळी आणि शेंगदाण्यांवर भागवून पाहावे. व्यायामशाळेत कोणी स्नायू वाढवण्याचे इंजेक्शन सुचवीत असेल, तर त्यास स्पष्ट नकार द्यावा; छाती-पाठीवर एकाएकी उमटणारी मोठी, दुखरी मुरुमे हा त्याचा पहिला आणि सर्वांत किरकोळ दुष्परिणाम आहे. खड्डे पडू लागले असल्यास घरगुती प्रयोगांत वेळ घालवू नये.

प्रश्न : दर पावसाळ्यात भाताच्या लावणीला पायाच्या बोटांत चिखल्या होतात. चुना लावतो, रॉकेल लावतो. कायमचा उपाय आहे का? (जांबोटी, ता. खानापूर)

उत्तर : जूनपासून सप्टेंबरपर्यंत जेथे पाय सुकतच नाही, तेथे कायमचा उपाय सांगणे धाडसाचे होईल, पण त्रास पुष्कळ कमी करता येतो. भिजून पांढरी पडलेली कातडी चुन्याने आणि रॉकेलने जळते व जखमेत जंतू शिरतात. सकाळी चिखलात उतरण्यापूर्वी बोटांच्या बेचक्यांत पेट्रोलियम जेली भरावी. दुपारी भाकरीला बसताना आणि संध्याकाळी पाय स्वच्छ पाण्याने धुऊन प्रत्येक बेचके फडक्याने कोरडे करावे, घाई असेल त्या दिवशीही. खाज आणि वास असल्यास रात्री क्लोट्रिमाझोल या बुरशीवरील औषधाचे साधे मलम लावावे, आणि ते साधेच आहे, त्यात वर सांगितलेल्या नावांपैकी काही नाही, हे ट्यूबवर वाचून घ्यावे. गमबूट घालत असल्यास ते रात्री चुलीजवळ उलटे टांगावेत; आत ओले राहिलेले बूट अनवाणी चालण्यापेक्षा वाईट. मधुमेह असलेल्यांनी चिखल्या दिसताच, आणि इतरांनी पाय सुजून लाली घोट्याच्या वर चढू लागली किंवा ताप आला, तर लावणी अर्धी टाकून दवाखाना गाठावा. पायावर किंवा इतरत्र फिकट, स्पर्श न कळणारा चट्टा दिसल्यास तो चिखल्यांचा नव्हे. कुष्ठरोगाची ती पहिली खूण असू शकते. त्याची तपासणी आणि औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात, आणि वेळेवर घेतल्यास तो पूर्ण बरा होतो.